पापड-पाणी

समोरच्या गॅलरीत खाटेवर पापड वाळत होते. सिंधी अम्मांच्या सुनेने आज ती खाट आत ओढली. "अम्मा, तुमच्या सत्काराला माणसं येणार. शोभतं का हे?"

फाळणीत घरदार सोडून आलेल्या अम्मांनी परक्या मुलखात पापड लाटून मुलं वाढवली, हेच मग सुनेने भाषणात सांगितलं. पाहुण्यांना मात्र केक! यांना कष्टांचं कौतुक हवं, कष्टांचा वास नको.

सिंधी घरांत आल्यागेल्याला आधी पापड-पाणी देतात. मी पाया पडले, तशा अम्मा हारासकट उठल्या. "थांब, बेटी." आत जाऊन त्यांनी पापड भाजून आणला. सुनेने तोंड वाकडं केलं. जिचा नवरा त्या पापडांवर पोसला, तिचा काय तो नखरा!

चारचौघांत मी कधी तोंड उघडत नाही. आज मात्र मुद्दाम कुरुमकुरुम आवाज करत पापड खाल्ला.