पूजेतली परदेशी कात्री

नव्वदच्या दशकात माझे वडील उधन्याच्या कारखानी वस्तीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये धागे कापायच्या छोट्या कात्र्या बनवायचे. मग बाजारात हुबेहूब तशाच, निम्म्या भावाच्या परदेशी कात्र्या आल्या आणि त्यांचं डोकंच फिरलं. "असला पत्रा माझ्या घरात नको," त्यांनी बजावलं.

खंडेनवमीला आमच्याकडे झाडून सगळी हत्यारं पूजेला मांडतात. वर्षभर राबलेलं एकही मागे ठेवायचं नाही. आई घरी मजुरीवर साड्यांचे सुटे धागे कापायची. त्या वर्षी तिने पाटावर ठेवली ती नेमकी परदेशी कात्री.

वडिलांनी ती उचलली. मला वाटलं, आता भिरकावतात.

"तुमची एक तरी कात्री घरात राहू दिलीत का?" आईच कडाडली. "सगळ्या बाजारात!"

वडील कात्री घेऊन शेडमध्ये गेले, तिला धार लावून आणली आणि हळदकुंकू वाहिलं. "राबलीय बिचारी," एवढंच पुटपुटले.

दसऱ्याला त्यांनी आईला स्वतः घडवलेली कात्री दिली. आईने ती मऊ कापडात गुंडाळून ट्रंकेत जपून ठेवली, आमच्यापैकी कुणालाही हात लावू दिला नाही. धागे ती परदेशी कात्रीनेच कापत राहिली, आणि वडील दर रविवारी चरफडत तिला धार लावून देत राहिले.