आत्याचा टॉवर आणि गढूळ पाणी

दूध गार करायच्या प्लांटमध्ये सगळे तिला आत्याच म्हणायचे, मॅनेजरसुद्धा. मशीनचं तापलेलं पाणी थंड करणारा कूलिंग टॉवर तिच्या ताब्यात. त्याच्या टाकीतलं पाणी इतकं नितळ की तळाचा बोल्ट दिसायचा, आणि त्याचा तिला असला तोरा की टाकीजवळ कुणी नुसतं शिंकलं तरी वसकन अंगावर जायची. घरी नवरा म्हणायचा, हिनं लग्न टॉवरशीच केलंय, मी आपला पाहुणा.

पण या उन्हाळ्यात दूध गारच होईना. टॉवरचं पाणी मशीनच्या ज्या नळ्यांतून फिरायचं, त्यांत आतून गाळ धरलेला. मॅनेजरनं सरळ सांगून टाकलं, आठवड्याभरात जमलं नाही तर टॉवर बंद, नवीन मशीन बाहेरची माणसं चालवतील आणि आत्या पॅकिंगला. आख्खी नोकरी टॉवरपाशी काढलेली बाई, ती बोटांवर दिवस मोजायला लागली.

मग प्लांटच्या लॅबमधल्या केमिस्ट पोरीनं डिस्पर्संट नावाच्या औषधाचा कॅन आणून ते सोडणाऱ्या छोट्या पंपाला जोडला. हे थेंबथेंब पाण्यात गेलं की गाळाचे कण सुटे होतात, एकमेकांना चिकटत नाहीत, पाण्यासोबत निघून जातात, असं ती समजावत होती. आत्यानं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं. सकाळी बघते तर पाणी चहासारखं झालेलं. केमिस्ट सुट्टीवर. आत्याचं डोकं फिरलं आणि तिनं पंपच बंद केला.

पाणी परत नितळ झालं. आत्या खूश. दूध मात्र आणखी कोमट.

मग तिच्या डोक्यात आलं, एवढा गाळ गेला कुठे? घाण पाणी बाहेर सोडायचा ड्रेन तर उघडलाच नव्हता. म्हणजे मेला परत नळ्यांतच जाऊन बसला. तिनं लगेच फोन लावला.

"पोरी, मी शेण खाल्लंय गं."

सगळं ऐकून केमिस्ट खो खो हसली. "आत्या, पाणी घाण दिसतंय म्हणजे नळ्या साफ होतायत. पंप चालू करा, आणि ड्रेन सोडायला हात आखडू नका."

आत्यानं पदर खोचला. पंप चालू, ड्रेन उघडा, वरून ताजं पाणी. गढूळ लोट धो धो जात राहिले, आणि ती शेजारी स्टूल टाकून बसली, जेवणसुद्धा तिथेच.

मुदतीच्या दिवशी मॅनेजर आला तेव्हा दुधाच्या तापमानाचा काटा चार अंशांवर होता, हवा तिथेच. त्यानं टकटक करून बघितलं, काटा हलला नाही.

आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, "साहेब, टॉवर माझाच. पॅकिंगला दुसरं कुणी बघा."

दारात जमलेल्या पॅकिंगच्या बायकांनी असा गलका केला की मॅनेजरलाही हसू आवरेना.