काळ्या कोटाची सोयरीक

आमच्या आतोबांइतका निर्लज्ज माणूस झाशीत दुसरा झाला नाही, आणि हे मी अत्यंत आदराने लिहितो आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, आणि मी राहायचो त्यांच्याच घरी. रेल्वेच्या कचेरीत कारकून होते, पण ते केवळ पगारापुरते. त्यांचा खरा धंदा लग्नं जुळवण्याचा. झाशीत आम्हा मराठी माणसांची घरं मूठभर. पूर्वज कुणी हिशेबाला आले, कुणी पूजेला, कुणी तलवार घेऊन, आणि इथलेच झाले. पोरं घरातसुद्धा हिंदी बोलायला लागली, पण सून मात्र मराठीच हवी. मग ग्वाल्हेर, सागर, इंदूर असं शोधत फिरायचं कुणी? आतोबांनी. मुलगी काळी असली तर ते "तेज आहे" म्हणत, मुलगा बिनकामाचा असला तर "घरात रमणारा आहे" म्हणत. कुणी नकार दिला, की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच दारात हजर. "काल तुम्ही थकला होतात. आज नीट विचार करा." माणसं शेवटी कंटाळून हो म्हणत, आणि गंमत म्हणजे ते संसार बरे चालत.

निवृत्त झाल्यावर मात्र आतोबांची पंचाईत झाली. पोरं आपापली लग्नं आपणच जुळवू लागली. आतोबा रिकामे बसले म्हणजे घराचं काय होतं ते विचारू नका. त्यांनी आत्याचे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले, आणि आत्या आठवडाभर हळदीऐवजी हिंगाला हात घालत राहिली. ती देवाला साकडं घालायच्या बेतात होती, तेवढ्यात वरच्या खोलीतला भाडेकरू तिच्या मदतीला आला. हा झाशीजवळच्या समथरचा एक मुसलमान मुलगा. वकिलीची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालेला आणि रोज संध्याकाळी तोंड पाडून जिना चढणारा. आतोबांनी एक दिवस त्याला जिन्यातच गाठलं. "क्यों भैया, मुँह क्यों लटका है?"

तेव्हा त्यांना कळलं की कायद्याच्या कॉलेजात कुणालाही प्रवेश मिळतो, पण कचेरीतल्या, म्हणजे कोर्टातल्या, बस्त्यावर मिळत नाही. बस्ता म्हणजे झाशीच्या कचेरीत वकिलाची बसायची जागा. एक लाकडी तख्त, दोन खुर्च्या, वर पत्रा आणि शेजारी कागदपत्रं सांभाळणारा मुन्शी. नवा वकील एखाद्या मोठ्या वकिलाच्या बस्त्यावर ज्युनिअर म्हणून बसतो, तिथे काम शिकतो, तिथेच पक्षकार त्याला ओळखू लागतात. आणि ही जागा मुलाला मिळते, पुतण्याला मिळते, जावयाला मिळते. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी वकील नाही, ज्याची जात नाहीतर जमात नाहीतर धर्म वेगळा, त्याला गोड आवाजात सांगतात, "बेटा, जगह नहीं है."

आतोबा पायरीवरून ताडकन उठलेच. "अरे, म्हणजे हे लग्नच की!" ते ओरडले. "घराणं बघतात, नातं बघतात, आणि मध्यस्थाशिवाय अडतं! जा, तुझ्या आत्याला सांग, मला काम मिळालं!"

त्या दिवसापासून घराला कळा आली. आतोबांनी कचेरीतल्या एकेका वकिलाची माहिती काढली, अगदी वरपित्याची काढतात तशी. जुन्या जमिनींचे दावे चालवणारे एक म्हातारे वकील होते. त्यांच्याकडे उर्दूत लिहिलेले कागद ढिगाने येत, आणि ते वाचणारा मुन्शी नुकताच वारला होता. समथरच्या मुलाला उर्दू घरचीच. आतोबा सांगत आले, "छत्तीसच्या छत्तीस गुण!" मुलगा दुसऱ्या सोमवारपासून बस्त्यावर. दुसरी सोयरीक मात्र फसली. वरच्या खोलीत राहायला आलेला एक सहरिया आदिवासी मुलगा इतका लाजाळू, की स्वतःचं नावसुद्धा कुजबुजून सांगे. त्याला आतोबांनी अशा फौजदारी वकिलाकडे दिला, जो दमात घेतल्याशिवाय पाणीही मागत नसे. मुलगा दोन दिवसांत माहेरी, म्हणजे आमच्या वरच्या खोलीत, परत. आतोबा जराही खचले नाहीत. "पहिलं मोडलं तर काय झालं? दुसरेपणावर देऊ!" आणि दिलाही, एका मवाळ बाईवकिलांकडे. तिथे तो असा खुलला की आता कोर्टात त्याला गप्प बसवावं लागतं.

या दाखवण्याच्या कार्यक्रमांसाठी आतोबांनी एक काळा कोट शिवून घेतला होता. तो शिवताना मापाला उभा होता एक लठ्ठ मुलगा, त्यामुळे नंतरच्या प्रत्येक हडकुळ्या उमेदवाराच्या पाठीला आत्या मागून टाचण्या लावी. "पाठ फिरवू नकोस हो," एवढाच आशीर्वाद ती देत असे. आणि उमेदवाराला मानिक चौकात, इलाइट चौराह्यावर, जिथे म्हणून वकील राहतो तिथे पोचवणारी स्कूटर माझी होती. पेट्रोलही माझंच. आतोबा मागे बसून कानाशी ओरडत, "भगा, भगा! साहब जेवायला बसले की कुणाचं ऐकत नाहीत!"

अशात सुखवती आली. कबूतरा समाजातली, समथरच्या बाजूच्या एका डेऱ्यावरची, म्हणजे त्यांच्या वस्तीवरची. इंग्रजांनी या अख्ख्या समाजाला जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं. स्वातंत्र्यानंतर तो शिक्का कायद्याने पुसला, लोकांच्या मनातून काही पुसला नाही. गावात कोंबडी हरवली तरी पोलीस आधी डेऱ्यावर. त्या डेऱ्यावरची ही पोरगी शाळेच्या वसतिगृहात राहून शिकली, वकील झाली, नोंदणीही करून आली, आणि होळीपासून कचेरीत बस्त्या-बस्त्यावर फिरत होती. आईने मुदत दिली होती दिवाळीची. तोवर जागा मिळाली नाही, तर परत यायचं, लग्न करायचं, आणि वकिलीचं नाव काढायचं नाही. गणपती झाले तेव्हा ती आमच्याकडे पोचली. आतोबांनी तिच्याकडे पाहिलं, गुणपत्रिका पाहिली, आणि त्यांना दम निघेना. "हिच्यासाठी मोठंच घर पाहिजे!"

मोठं घर म्हणजे मानिक चौकातले वकीलसाहेब. मराठी, फौजदारीत नाव काढलेले, बस्त्यावर कायम गर्दी. आतोबांनी त्यांच्या घरी फोन लावला. फोन वकीलसाहेबांच्या पत्नीने घेतला. आतोबा म्हणाले, "उद्या संध्याकाळी एका मुलीला घेऊन येतोय. अतिशय हुशार, स्वभावाने शांत, तुमच्याकडे अगदी शोभेल."

आता तुम्हीच सांगा. ज्या माणसाने गावातली निम्मी लग्नं जुळवली, तो असं बोलल्यावर कुणाला काय वाटेल? त्यात वकीलसाहेबांचा मुलगा भोपाळला बँकेत, तिशी ओलांडलेला आणि बिनलग्नाचा. त्यात आमच्याकडचा तो कोट नेमका दुसऱ्या मुलाच्या अंगावर कानपूरला गेलेला. मग आत्याने सुखवतीला आपली ठेवणीतली नारायणपेठी नेसवली आणि केसांत गजरासुद्धा माळला.

वकीलसाहेबांच्या घरी आमचं जे स्वागत झालं ते पाहून आतोबा हरखून गेले. नवे अभ्रे, उदबत्ती, कांदेपोहे. "बघ, वकिलीला मान कसा असतो!" ते माझ्या कानात म्हणाले. मला मात्र कोपऱ्यात, भोपाळहून मुद्दाम बोलावलेला मुलगा दिसला. इस्त्रीचा कुडता, मानेवर पावडर. काय घोटाळा झालाय ते मला कळलं, पण आतोबांना थांबवणं म्हणजे सुटलेल्या पॅसेंजर गाडीला हाताने धरणं.

पोहे पुढे करत वकीलसाहेबांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, सुखवतीला विचारलं, "स्वयंपाक येतो ना गं? पूरन पोली बना लेती हो?"

"जी नहीं," सुखवती सरळ बसून म्हणाली. "ज़मानत की अर्ज़ी बना लेती हूँ."

कोपऱ्यातला मुलगा फिस्सकन हसला. वकीलसाहेबांनी चष्मा वर केला. "घर कहाँ है, बेटी?"

"समथर की तरफ़. कबूतरा डेरे से हूँ."

वहिनींच्या हातातली पोह्यांची बशी आतोबांपर्यंत पोचलीच नाही. आतोबांना यातलं काहीही कळलं नाही. ते उत्साहाने पुढे सरकले. "मग कधीपासून पाठवू? सोमवार चांगला आहे."

"अहो, पाठवू काय?" वहिनी कशाबशा म्हणाल्या. "पत्रिका नाही, काही नाही..."

"ही घ्या की!" आतोबांनी गुणपत्रिका टेबलावर आपटली. "सगळीकडे फर्स्ट क्लास!"

मग मीच घसा खाकरून सांगितलं की आम्ही लग्नासाठी आलेलो नाही. आतोबा माझ्याकडे बघतच राहिले. "लग्न? कुणाचं लग्न? हिला ज्युनिअर म्हणून बस्त्यावर घ्या म्हणतोय मी!"

वहिनींनी असा काही मोठा श्वास सोडला, की उदबत्तीची राख उडाली. "मग घ्या की अहो हिला!" त्या एका दमात म्हणून गेल्या. "ज्युनिअरच ना? घ्या, घ्या!" संकट टळल्याच्या आनंदात त्यांनी कचेरीतली एक जागा देऊन टाकली होती, आणि ती आपल्या हातात नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

जागा ज्यांच्या हातात होती, ते मात्र मान हलवत होते. "पक्षकार काय म्हणतील? माझ्या बस्त्यावर चार प्रकारची माणसं येतात."

आतोबा तोंड उघडणार तोच सुखवती बोलली. "साहब, हमारे डेरे से तो सब कचहरी आते हैं. मेरे दादा आए, बाप आए, भाई अभी भी आता है. सब कटघरे में खड़े होते हैं. मुझे बस दूसरी तरफ़ खड़ा होना है."

माझे डोळे भरून आले आणि मी उगाचच पोहे खाऊ लागलो. वकीलसाहेब आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "डेऱ्यावरच्या किती जणांची वकीलपत्रं घेतली मी. फीही घेतली. पण त्यांच्यातलं कुणी माझ्या घरात कधी बसलेलं नाही." मग पत्नीकडे वळले. "पोहे गार झाले. तिला गरम आण." आणि सुखवतीला म्हणाले, "सोमवार. दस बजे. देर मुझे पसंद नहीं."

परतताना स्कूटरवर आम्ही तिघं होतो आणि आतोबा अख्ख्या मानिक चौकाला ऐकू जाईल असं ओरडत होते, "जमलं! जमलं!" लोकांना वाटलं, कुणाचं तरी लग्न ठरलं. सोमवारी सकाळी आत्याने सुखवतीची ओटी भरली. आतोबा दाराआड जाऊन रडले. त्यांना मुलगी नव्हती.

पुढचं सगळं सोपं झालं असं नाही. काही पक्षकार उठून दुसऱ्या बस्त्यावर गेले. वकीलसाहेबांनी त्यांना थांबवलं नाही. दिवाळीला सुखवती डेऱ्यावर गेली ती मिठाई घेऊन, आणि परत आली. काही वर्षांनी कडुनिंबाखाली तिचा स्वतःचा बस्ता झाला. आतोबा तिथे जाऊन तासन्‌तास बसायचे, पण चहा घ्यायचे नाहीत. ती म्हणायची, "दद्दा, एक घूँट तो पी लो." आतोबा हात जोडायचे. "लेकीच्या घरी नातवंड होईपर्यंत काही घ्यायचं नसतं. आमच्यात रीत आहे. तू आपला ज्युनिअर आण, मग पितो." कचेरीतल्या चहाला जवळपास सगळी झाशी नावं ठेवते, तरी त्यांचं लक्ष दुसऱ्यांच्या ग्लासांकडे असायचं, हे मी पाहिलेलं आहे.

नातवंड आलं तेव्हा आतोबांना काठी लागली होती. सहरिया वस्तीवरची एक मुलगी, नवा कोरा कोट, अंगाबरोबर शिवलेला. सुखवतीने तिला आतोबांच्या पाया पडायला लावलं आणि हाक मारली, "मुन्शी जी, चाय!" आतोबांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला. चहा गोडमिट्ट होता आणि डॉक्टरांनी साखर बंद केलेली होती. ते तळाच्या पत्तीपर्यंत प्यायले.

येताना मी त्यांना रिक्षात बसवलं. ते गप्प होते. आतोबा गप्प बसले की मला भीती वाटते, म्हणून मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही रे," ते म्हणाले. "वकिलीची परीक्षा मीही पास झालो होतो. रेल्वेत लागण्याआधी. वर्षभर फिरलो याच कचेरीत. आमच्यात कुणी वकील नव्हतं. मला मेलं मागायचीच लाज वाटायची."

हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. बहुतेक आत्याला असावं. मी त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो धरू दिला. एरवी ते धरू देत नसत.

रिक्षा इलाइट चौराह्यावर अडकली. आतोबांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, काठीने पुढच्या सीटवर टकटक केलं आणि रिक्षावाल्याला विचारलं, "क्यों भैया, बच्चे कितने हैं? पढ़ते क्या हैं?"