ठोकळ्यांवरच्या डंपरचा रिलीव्हर

“ह्याला पंधरा दिवस सोडला तर ह्याचं काम कोण करणार?” मॅनेजरसाहेबांनी विश्राम गावसचा रजेचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. मी खिडकीबाहेर पाहिलं. विश्रामचा डंपर, म्हणजे खनिज वाहणारा अवाढव्य ट्रक, चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर उभा होता. केबिनमधून वेल बाहेर आली होती.

पाळी गावच्या त्या खाणीवर मी पर्सोनेल ऑफिसर होतो. हजेरी, रजा आणि भांडणं माझ्याकडे. खाण कित्येक वर्षं बंद होती. तरी बारा ऑपरेटर रोज आठला येत, मस्टरवर सही करत आणि पाचपर्यंत शेडमधल्या बाकांवर पत्ते खेळत.

अशात हेडऑफिसचं सर्क्युलर आलं. खाण सुरू होईल तेव्हा ऑपरेटर दहावी पास हवा, नाहीतर हेल्पर. बाराही जण दहावी नापास! अकरा जणांनी हेडऑफिसला शिव्या घातल्या. आमोणे गावच्या विश्रामने, वय सेहेचाळीस, दहावीचा फॉर्म भरला. वीस वर्षं स्टिअरिंग धरल्यावर त्याला हेल्पर व्हायचं नव्हतं.

कंपनीत स्टडी लीव्ह होती, म्हणजे परीक्षेसाठी पंधरा दिवस भरपगारी रजा. आजवर ती कोणी मागितलीच नव्हती. रजेशिवाय गैरहजर राहिला तर नाव कमी, असा बंदच्या काळातला दुसरा हुकूम. त्यामुळे रजा मिळाली तरच परीक्षा.

“सर, काम आहेच कुठे?” मी म्हणालो.

“तसं हेडऑफिसला लिहून देऊ?”

तसं लिहिलं असतं तर बारा जणांबरोबर आम्ही दोघेही घरी गेलो असतो.

“रिलीव्हरचा कॉलम ब्लँक आहे. नाव आणा,” साहेब म्हणाले.

रिलीव्हर म्हणजे रजेवरच्या माणसाचं काम तेवढ्यापुरतं सांभाळणारा. विश्रामच्या बाकावर बसायला अकरा जण एका पायावर तयार झाले. मी नावं नेली. साहेबांनी सर्क्युलर काढलं. “ऑपरेटरच्या जागी दहावी पासच हवा.”

म्हणजे एकाला दहावीला बसवायचं तर त्याच्या जागी आधीच दहावी झालेला ऑपरेटर हवा. माझं डोकं सणकलं.

विश्रामला सांगायला गेलो तेव्हा तो वहीत समीकरण सोडवत होता. “सर, हांव नासलो जाल्यार डंपर पळून वतलो काय?”

“तुम्ही नसलात म्हणून डंपर पळणार नाही हो, विश्रामबाब. बाक रिकामा राहील.”

“मागीर माका हेल्परच करतले.” त्याने वही मिटली. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

तसाच परत गेलो आणि कॉलममध्ये स्वतःचं नाव लिहिलं.

“तुम्ही?” साहेब म्हणाले.

“मी एम.ए. आहे, सर. दहावी त्यात आली.”

“हेवी लायसन्स?”

“सर्क्युलरमध्ये नाही.”

साहेबांनी सर्क्युलर दोनदा वाचलं आणि निमूट सही केली.

पंधरा दिवस मी ऑपरेटरच्या मस्टरवर सही करून बाकावर बसलो. रमी शिकलो. चौथ्या दिवशी हेडऑफिसचे डायरेक्टर आले. “पर्सोनेल ऑफिसर कुठे?”

“डंपरवर,” शिपाई म्हणाला.

मला मेमो मिळाला: स्वतःच्या जागी रिलीव्हर न देता जागा सोडली. मी उत्तर लिहिलं. मेमोची उत्तरं तपासायचं काम पर्सोनेल ऑफिसरचं. मी तपासलं. समाधानकारक वाटलं.

विश्राम पास झाला, गणितात काठावर. गुळात घोळलेलं खाजं घेऊन आला आणि पहिला पुडा साहेबांच्या हातात ठेवला. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

पुढच्या वर्षी उरलेल्या अकरा जणांनी एकदम स्टडी लीव्ह मागितली. रिलीव्हरच्या कॉलममध्ये अकराही अर्जांवर एकच नाव होतं: विश्राम गावस, दहावी पास. एका माणसाने किती जणांचं काम सांभाळावं, हे कुठल्याही नियमात नव्हतं. साहेबांनी अकरा सह्या केल्या.

नोकरीत मी एवढं शिकलो: साहेबाला काम अडल्याची नाही, कॉलम रिकामा राहिल्याची भीती असते. तो भरून टाकावा आणि माणसाला परीक्षेला सोडावं.