भुऱ्याचा डावा खुबा

देवळी गावात कोणाचा हात निखळला, की माणसं आधी आमच्या ओसरीवर येतात आणि मग दवाखान्यात जातात. माझ्या सासूबाई, तानाबाई, चाळीस वर्षं हाडं बसवतात. माणसांची, बैलांची, एकदा तर मोराची. जवसाचं तेल कोमट करायचं, अंगठा नेमका सांध्यावर ठेवायचा आणि गप्पांत गुंगवून हिसका द्यायचा. ‘कट्’ आवाज आला की म्हणायचं, “बसलं.” त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते मुलाच्या लग्नातही आलं नव्हतं. लग्न माझ्याशीच होतं, म्हणून मला ठाऊक.

भुऱ्या हे आमचं लॅब्राडोरचं पिल्लू. माझा नवरा निकेश हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आहे, त्यानं तिथून आणलं. सात महिन्यांचा झाला आणि मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखा उड्या मारत पळू लागला. आम्ही हसायचो. मग एक दिवस त्याला पायरी चढवेना, तेव्हा नागपूरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला.

डॉक्टरांनी त्याला गुंगी देऊन डावा पाय वर उचलला. कट्.

“बसलं पाहा!” सासूबाई खुलल्या.

“नाही आजी. खुबा ढिला आहे, त्याचा हा आवाज. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या वाटीतून निसटतो आणि परत आत जातो.” डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. “आत्ता शस्त्रक्रिया केली तर कमरेचं हाड कापून वाटी गोळ्यावर नीट झुकवता येते. सांधा त्याचा त्याला राहतो. वाटीची कड झिजली की ते जमत नाही. मग गोळाच कापून टाकायचा, नाहीतर पूर्ण वाढ झाल्यावर कृत्रिम खुबा बसवायचा, आणि तो आमच्याकडे होत नाही. उजवाही ढिला आहे, पण कमी. लवकर ठरवा.”

परतताना सासूबाई गाडीत धुमसत होत्या. “चांगल्या हाडाले कापायचं काऊन? मी बसवतो त्याले.”

निकेश म्हणाला, “आई म्हणते तर महिनाभर पाहू.”

डॉक्टरांचं बोलणं मला नीट कळलं होतं. पण लग्नानंतरच्या वर्षी माझं मनगट त्यांनीच बसवलं होतं. ज्या हातानं आपलं दुखणं घालवलं, त्याला चुकतोय म्हणायला जीभ वळत नाही.

मग रोज सकाळी तेच. तेलाची वाटी फरशीवर टेकली की भुऱ्या येऊन कुशीवर पडायचा आणि डावा पाय वर करायचा. कट्. “बसलं.” दुसऱ्या दिवशी परत कट्.

“आई, काल बसलं होतं ना? मंग आज परत कसं?” मी एकदा विचारलं.

“कवळं हाड हाये त्याचं. निसटून राह्यलं. बसवता बसवता बसन.”

त्या आवाजाची मला धास्ती बसली. कणीक मळता मळता हात थांबायचा आणि तो येऊन गेल्याशिवाय पुढे चालायचा नाही. भुऱ्या आधी कण्हायचा. पुढे कण्हणं बंद झालं, नुसता सासूबाईंचं मनगट चाटायचा. मांजरामागे धावणं सोडून दिवसभर उन्हात पडून राहू लागला. “शाना झाला,” सासूबाई म्हणाल्या. त्याची डावी मांडी उजवीहून बारीक झाली होती. ती मला दिसत होती.

दोन महिन्यांनी एका सकाळी आवाज आलाच नाही. सासूबाईंनी तीनदा हिसका दिला. काही नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी गूळ-फुटाणे वाटले, केळझरच्या गणपतीला नारळ फोडून आल्या. प्रसाद पुढे धरला तरी भुऱ्या उठला नाही. तेव्हा मी पहिल्यांदा कोणाला न विचारता नागपूरला जायला गाडी बोलावली. सासूबाईही येऊन बसल्या.

“आवाज थांबला, कारण कड उरली नाही,” डॉक्टर म्हणाले. “गोळा जिच्यावरून घसरत होता, तीच झिजून गेली. आता गोळा कापणं, एवढंच आमच्या हातात आहे. उजव्याची कड शाबूत आहे, पण फार दिवस राहणार नाही. तोवरच त्याची वाटी झुकवता येईल.”

“माह्या हातानं झालं काय, साहेब?”

“सांधा मुळातच ढिला होता, आजी.” डॉक्टर म्हणाले. “पण तो रोज हलवायला नको होता.”

सासूबाईंनी मान खाली घातली. मला वाटलं, हे मला म्हणायला हवं होतं, आणि तेही दोन महिन्यांपूर्वी.

भुऱ्याचा गोळा कापला. टाके निघून तो घरी आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई तेलाची वाटी फडताळात ठेवून द्यायला निघाल्या. फडताळ उघडायला त्यांनी वाटी क्षणभर फरशीवर टेकवली.

भुऱ्यानं कान टवकारले. तीन पायांवर फरफटत आला, दुखऱ्या कुशीवर हळूच आडवा झाला आणि उजवा पाय वर केला. कट्.

सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

“मोहिनी, नागपूरले फोन लाव. कापतो म्हणतीन तर कापू द्या. आजच नेऊ.”

मी फोन लावला. पलीकडे नुसती घंटी वाजत होती. भुऱ्या पाय तसाच वर धरून त्यांच्या हाताची वाट पाहत होता.