ढिगातून परत काढलेला शर्ट

बोहारीण दारात बसून जुने कपडे उलटेपालटे करून बघत होती. कंपवातामुळे ह्यांना हल्ली बटणं लावता येत नाहीत, म्हणून ह्यांचे सगळे शर्ट मी ढिगात टाकले होते. तेवढ्यात हे आतून आले, थरथरत्या हाताने त्यातला निळा शर्ट ओढून काढला आणि म्हणाले, "हा राहू दे."

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पेशीतल्या नकोशा प्रथिनांना एक खूण चिकटते आणि खूण लागलेलं प्रथिन मोडीत निघतं. काही विकरं, म्हणजे एन्झाइम्स, मात्र ती खूण सोडवून प्रथिनाला माघारी आणतात. कर्करोगाची गाठ रोखणारं प्रथिन असं वाचलं तर बरंच, पण गाठ वाढवणारं वाचलं तर घात. ह्यांच्या आजारात तर मेंदूच्या पेशींत, जायला हवं ते जातच नाही, साठत राहतं. मुलं विचारतात, "मॅडम, मग हे विकर चांगलं की वाईट?" मी फळा पुसायला लागते. घरी आले तरी तो प्रश्न पाठ सोडत नाही. काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे पेशीला तरी कुठे नेमकं कळतं?

हे तो निळा शर्ट छातीशी धरून उभेच होते.

"ताई, काय ते एकदा ठरवा," बोहारीण वैतागली. "एवढे सगळे शर्ट धरून कढई बोलले होते मी."

"राहू दे कढई," मी म्हटलं, आणि ढिगात हात घालून ह्यांचा पांढरा शर्टही ओढून काढला.