कोपरे शाबूत राहिलेला बॉलर

आमच्या घरात जे मोलाचं, ते लॅमिनेट झालेलं असतं. दहावीची मार्कशीट, रेशनकार्ड, शेताचा सातबारा, फार काय, माझी जन्मपत्रिकासुद्धा. तेव्हा दादानं केलं ते घरच्या रीतीला धरूनच होतं. तरी त्या दिवशी मी त्याच्यावर खेकसले ती खेकसलेच.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बार्शीटाकळीला असतो, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवतो. गेल्या काही वर्षांत त्याला ऐकू येणं कमी कमी होत गेलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांना मशीन लावा म्हणून सांगितलं. चांगलं मशीन महाग असतं. मी अमरावतीला राजापेठेत गणिताच्या शिकवण्या घेते, माझं बरं चाललंय, म्हणून म्हटलं, मी घेऊन देते. तर हा म्हणाला, “बहिनीच्या पैशाचं मशीन कानात घालून काय आयकू? माह्या पैशानं घेईन, नाई तं राहू दे.” आणि राहूच दिलं. फोनवर बोलणं बंद झालं, लग्नकार्यात कोपऱ्यात बसणं सुरू झालं. मला ते बघवत नसे.

वाट काढली माझ्या लेकीनं. आमच्या लहानपणी चिंगमच्या पुड्यात क्रिकेटपटूंची कार्डं निघायची. ती जुनी कार्डं आता लोक ऑनलाइन लिलावात घेतात, असं तिनं शोधून काढलं. दादाकडे पत्र्याचा अख्खा डबा भरलेला होता. चिंगम मी चघळायची आणि कार्ड त्यानं ठेवायचं, असा आमचा करार असे. “मामा, हे तर तुमच्याच पैशाचं,” ती त्याच्या कानाशी ओरडली, तेव्हा कुठे स्वारी तयार झाली.

पण लिलावाआधी ग्रेडिंग. म्हणजे कार्ड एका कंपनीकडे पाठवायचं. ते लोक भिंगातून चारी कोपरे बघतात, कडा बघतात, चित्र मधोमध छापलंय का, कुठे ओरखडा आहे का ते बघतात आणि दहापैकी मार्क देतात. एकच कार्ड, तोच खेळाडू, पण तीन मार्क मिळाले तर प्लेटभर कचोरीचे पैसे आणि नऊ मिळाले तर कानाचं मशीन. गणिताच्या बाईला हे पटायला जड गेलं. आमच्याकडे चार मार्क कमी पडले तर पोरगं एवढं स्वस्त होत नाही.

लेकीनं मामाला बजावलं होतं, डबा घेऊन या, त्यातलं सगळ्यात चांगलं कार्ड नीट जपून आणा. दादाच्या लेखी सगळ्यात चांगलं म्हणजे आपल्या कप्तानाचं. दादानं ते खरंच जपलं. अमरावतीच्या स्टँडवर उतरला आणि घरी यायच्या आधी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन लॅमिनेट करून घेतलं.

लेकीनं कपाळाला हात लावला. गरम प्लास्टिक कार्डाला चिकटलं की ते कार्ड संपलं, त्याला मार्कच देत नाहीत. मी ओरडले, “काहून केलं बाप्पा हे? कोनं सांगतलं होतं तुले?”

“आंधी हे सांगा मले. ते कंपनीवाले कार्डाचं काय करतात?” दादानं विचारलं.

लेकीनं खरं ते सांगितलं. मार्क देऊन झाले की ते कार्ड कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करतात.

“मंग?” दादा म्हणाला. “त्याईनं प्लास्टिकात घातलं तं ग्रेडिंग, आन म्या घातलं तं सत्यानास?”

आम्हा दोघींना हसूही आलं आणि रडूही.

उरलेली कार्डं टेबलावर मांडली. दादाची लाडकी सगळी घासलेली. ती शर्टाच्या खिशातून शाळेत गेली होती, त्यांनी डाव खेळले होते, एकाच्या मागे तर त्यानं पेनानं धावाही लिहिल्या होत्या. डब्याच्या तळाशी मात्र एक परदेशी बॉलर पालथा पडला होता. त्यानं आपल्या कप्तानाला शून्यावर उडवलं, तेव्हा दादानं त्याला शिक्षा म्हणून तळाला टाकलं आणि वर इतर कार्डं रचली. पुन्हा कोणी त्याला हात लावला नाही. कोपरे सुईसारखे टोकदार, रंग कालचे वाटावेत असे. वर लेक म्हणाली की हे कार्ड मिळतच नाही. मिळणार कसं? त्या काळी गावोगावच्या पोट्ट्यांनी रागानं फाडून टाकलं असणार.

त्या बॉलरला नऊ मार्क मिळाले. लाडक्यांना तीन, चार, एकाला दोन. दादा म्हणाला, “ज्याचा लाड केला, तेच नापास झाले बाई.”

लिलाव रविवारी दुपारी होता. लेक मोबाइल बघून बोली सांगायची, मी ती दादाच्या कानात ओरडायची. दोन माणसं हट्टाला पेटली होती, देव त्यांचं भलं करो. बोलीबरोबर माझा आवाजही इतका चढला की शेजारीण भांडण समजून सोडवायला आली. शेवटी तिलाही बसवून चहा दिला. बोली थांबली तेव्हा दोन्ही कानांची सोय झाली होती. दादा मान खाली घालून म्हणाला, “त्या बॉलरले म्या लय शिव्या देल्ल्या.”

मशीन लागलं त्या दिवशी राजापेठेतल्या हॉर्नांनी तो दचकत दचकत घरी आला. मी सवयीनं गरजले, “चहा घेतो काय?” त्यानं हात वर केला. “हळू बोल व. आयकू येऊन राह्यलं.”

मग म्हणाला, “मले वाटे, तू माह्यावर चिडूनच हायेस. जवा पाहा तवा ओरडते. म्हनून म्या येनं कमी केलं होतं.”

एवढी वर्षं मी त्याला ‘जेवलास का’ विचारत होते आणि त्याच्यापर्यंत नुसता राग पोचत होता. मी चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. त्याच्याशी हळू कसं बोलायचं तेच मी विसरले होते. ओट्याशी पाठमोरी उभी राहून, अगदी पुटपुटल्यासारखं म्हणून पाहिलं, “दादा.”

“काय व?” बाहेरून लगेच आवाज आला.